पहिली फ्लाय स्वतः बांधायची तर वुली बगर बांधा, आणि तोच वीस वेळा बांधा

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला सस्क्वेहाना नदी जवळजवळ मैलभर रुंद आहे, पण उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पाणी जेमतेम मांडीपर्यंत असतं, लोक सरळ आत चालत जाऊन मध्यावर उभे राहतात आणि स्मॉलमाउथ बास नावाचे मासे धरतात. मी तिथेच शिकले. सुरुवातीला दुकानातल्या फ्लाय वापरायचे, एकेक अडीच-तीन डॉलरला, आणि नदीचा तळ सगळा खडक, त्यामुळे एका संध्याकाळी चार-पाच तरी तिथेच अडकून जायच्या. मग बांधायला बसले. पण पैसे वाचतील म्हणून सुरू करायचं असेल तर आधीच सांगते, वाचत नाहीत, पिसांचा डबा भरतच जातो. बांधायचं ते यासाठी की हातात सकाळी नुसती पिसं आणि दोरा होता आणि संध्याकाळी त्याच वस्तूला एक जिवंत मासा खरं खाणं समजून लागला, हे एकदा झालं की विकतची फ्लाय लावताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

ज्यांना फ्लाय म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या मालवणकडे गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरायला गरवणं. आजोबा खाडीवर गरवायला जायचे तेव्हा गरीला कोळंबी लावायचे, म्हणजे खरं आमिष. फ्लायमध्ये आमिष काहीच नसतं, गळावरच पिसं, केस, दोरा, तार असं बांधून किड्यासारखा, अळीसारखा किंवा छोट्या माशासारखा आकार करतात. ती इतकी हलकी असते की तिच्या वजनावर लांब फेकताच येत नाही, म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीला असतं, जाड दोरी हवेत लांबवायची आणि तिच्यामागे फ्लाय जाते. नाव फ्लाय असलं तरी ती माशीच असते असं नाही. अळी, जळू, खेकडा, लहान मासा, सगळ्याला फ्लायच म्हणतात.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात सात प्रकारच्या फ्लाय बांधायला घेतो, प्रत्येकीला वेगळं सामान, वेगळा गळ, आणि महिन्याने सात प्रकारच्या सात वाईट फ्लाय समोर असतात आणि कुठे चुकलं ते कळत नाही. तेव्हा एकच घ्या आणि ती वीस वेळा बांधा. पाचवी पहिलीपेक्षा बरी होते, बारावीला हात आपोआप चालतो, आणि विसावी झाली की पुढच्या दहा प्रकारांचं अर्धं काम तुम्हाला न शिकता येत असतं, कारण दोरा सुरू करणं, वस्तू धरून बांधणं, गुंडाळणं आणि शेवटची गाठ, एवढ्या चारच गोष्टी सगळीकडे असतात.

ती एक म्हणजे वुली बगर. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली ही बांधली, स्मॉलमाउथसाठीच, आणि डोक्यात होती हेलग्रामाइट, म्हणजे दगडाखाली राहणारी डॉब्सनफ्लाय या किड्याची काळी, चांगली बोटभर लांब अळी, चिमटे असलेली, आमच्या नदीत दगड उचलला की दिसते. पण पाण्यात ही फ्लाय जळूसारखीही दिसते, लहान माशासारखीही, गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारखीही, म्हणून ट्राउटपासून बासपर्यंत सगळे खातात. नवशिक्यासाठी अजून मोठी गोष्ट म्हणजे गळ मोठा आहे, सामान जाड आहे, काय होतंय ते डोळ्याला दिसतं. आणि थोडी वेडीवाकडी झाली तरी मासे धरते, हे मी माझ्या अनुभवाने सांगतेय, माझ्या पहिल्या डझनातल्या चौथीला बारा इंची बास लागला होता आणि ती फ्लाय अक्षरशः एका बाजूला कललेली होती.

सामान काय घ्यायचं

ऑनलाइन सगळं-एकात असलेले किट मिळतात, मी पण एक घेतलं होतं. त्यातला वाईस, म्हणजे टेबलावर गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, दोन आठवड्यांत गळ धरेनासा झाला, दोरा ताणला की गळ खाली सरकायचा, आणि मला वाटायचं माझाच हात चुकतोय. म्हणून किट नको, सुटं घ्या. वाईसवर पैसे घाला, पन्नास-साठ डॉलरपर्यंतचा साधा वाईस वर्षानुवर्षं पुरतो, गोल फिरणारा महागडा आत्ता नको. दुकानात जमलं तर गळ लावून बघा आणि बोटाने गळाचा दांडा खाली दाबा, गळ वाकला पण जबड्यातून सरकला नाही तर वाईस चांगला.

बॉबिन म्हणजे दोऱ्याची रीळ धरणारं हत्यार, शिलाई मशीनची बॉबिन डोळ्यासमोर आणू नका, ही दोन पाय आणि पुढे नळी अशी असते. नळीचं टोक सिरॅमिकचं असेल तेच घ्या, कारण स्वस्त धातूच्या नळीला कडा असतात आणि त्या दोरा कापतात, तुम्ही ताण कमी करत बसता आणि फ्लाय सैल होते. बारीक टोकाची एक कात्री, आणि ती फक्त दोरा आणि पिसं यांच्यासाठी, तार तिने कापायची नाही, घरातल्या कुणाला ती कागद कापायला द्यायची नाही. एक दाभण, जी घरी असतेच, गोधडी शिवायची असते ती चालते, नेढ्यात अडकलेलं चिकट काढायला आणि दबलेली पिसं मोकळी करायला लागते. पीस धरायचा चिमटा, ज्याला हॅकल प्लायर्स म्हणतात. आणि शेवटच्या गाठीसाठी व्हिप फिनिशर. बास, एवढंच. टेबल लॅम्प मात्र चांगला पाहिजे, आणि टेबलावर पांढरा कागद पसरा, काळ्या टेबलावर काळा दोरा दिसत नाही आणि रात्री डोळे दुखतात.

फ्लायचं सामान असं. आठ नंबरचा लांब दांड्याचा स्ट्रीमर गळ, ज्यावर ३एक्स लाँग लिहिलेलं असतं. गळाचे नंबर हातसुईसारखे असतात, नंबर मोठा तितका गळ बारीक, म्हणजे बारा हा आठपेक्षा लहान. चार मिलिमीटरचा पितळी मणी. दोरा काळा, १४० डेनिअर. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, इचलकरंजी-भिवंडीकडच्या लोकांना हे सांगायला नको. ७० डेनिअरही मिळतो, पण तो नवीन हाताला तुटतो. शिशाशिवायची वजनाची तार, ०.०२० इंच. बारीक तांब्याची तार. काळा किंवा ऑलिव्ह माराबू. त्याच रंगाची मध्यम जाडीची शनील. आणि कोंबड्याच्या पाठीची मऊ लांब पिसं, ज्याला सॅडल हॅकल म्हणतात.

शनील म्हटल्यावर आपल्याला मखमलीसारखं कापड आठवतं, शब्द तोच आहे, पण ही बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुललेली सुतळी असते, मध्ये दोन पिळलेले धागे आणि चहूबाजूंनी लव. फ्रेंचमध्ये शनील म्हणजे सुरवंट, आणि गळावर गुंडाळल्यावर ती खरंच सुरवंटासारखी दिसते. माराबू पूर्वी आफ्रिकेतल्या माराबू नावाच्या करकोच्याची पिसं होती, आता सगळीकडे टर्कीची असतात, नाव तेवढं राहिलं. वुली बगरचा सगळा जीव या माराबूत आहे, कोरडा असताना कापसासारखा फुललेला दिसतो आणि पाण्यात गेला की बारीक होऊन सापासारखा हलतो.

कोंबड्याच्या पिसांचं एक सांगायचं राहतंय. इंग्लंडमध्ये फ्लाय बांधणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या भारतातल्या कोंबड्यांच्या मानेची पिसं वापरत आलेत, दुकानात अजूनही इंडियन कॉक केप म्हणून मिळतात, केप म्हणजे मानेचं पिसांसकट कातडं, आणि ती सगळ्यात स्वस्त असतात. तुम्ही भारतात असाल तर गावठी कोंबड्याची मानेवरची आणि शेपटीच्या आधीची पिसं चिकनवाल्याकडून मागून घ्या, शांपूच्या कोमट पाण्यात धुवा, वर्तमानपत्रावर सावलीत दोन दिवस वाळवा, मग झिपच्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, किती दिवस ते शेवटी सांगते, म्हणजे त्यातली अंडी-अळ्या मरतात. अमेरिकेत असाल तर मात्र दोन गोष्टी पाळा. गावाहून मोरपिसं आणू नका, भारतातून मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे, मग ती गळून पडलेली असली तरी. आणि इथल्या अंगणात पडलेलं ब्लू जे किंवा कार्डिनलचं सुंदर पीस उचलून फ्लायला लावू नका, १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली ते जवळ ठेवणंही गुन्हा आहे. कोंबडी, टर्की, फेजंट यांची दुकानातली घ्या, निवांत.

बसण्याआधी अर्धा तास नुसता दोरा

हे कुणी करत नाही आणि म्हणूनच सगळ्यांची फ्लाय सुटते. गळ वाईसमध्ये लावा, वाकाचा खालचा भाग जबड्यात, दांडा आडवा जमिनीला समांतर, नेढं तुमच्या उजव्या हाताला. डावखुरे असाल तर उलटं लावा आणि पुढे मी उजवा म्हणेन तिथे डावा समजा. बॉबिनमधून बोटभर दोरा बाहेर, यापेक्षा जास्त नको, लांब दोऱ्याला ताब्यात ठेवता येत नाही.

दोरा गळावर सुरू करायची पद्धत अशी, मोकळं टोक डाव्या हातात तिरकं धरा, बॉबिन उजव्या हातात, दोरा दांड्यावर टेकवा आणि बॉबिन वरून पलीकडे नेऊन खालून आपल्याकडे आणा. दोन वेढे पुढे घ्या आणि मग पाच-सहा वेढे मागे, पहिल्या वेढ्यांवर आणि मोकळ्या टोकावर चढवत. आता तो स्वतःच स्वतःला दाबून बसतो, गाठ लागत नाही. टोक कापा. बॉबिन सोडा, ती लटकत राहायला हवी, तिच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि तुमचे दोन्ही हात मोकळे होतात.

मग मुद्दाम दोरा ओढा, हळूहळू जोर वाढवत, तुटेपर्यंत. परत सुरू करा, परत तोडा. पाच-सहा वेळा. हे वेडेपणाचं वाटेल पण यातून बोटांना कळतं की दोरा कुठवर सहन करतो, आणि बांधताना त्या तुटण्याच्या थोडंसं अलीकडे राहायचं असतं. नवीन माणूस तुटेल या भीतीने सैल बांधतो, मग शेपूट दांड्याभोवती फिरते, शनील सरकते, दोन माशांनंतर सगळं उसवतं. हातांची कातडी खरखरीत असेल तर दोरा अडकून त्याचे पदर सुटतात, मी बसण्याआधी हाताला खोबरेल लावून नीट पुसून टाकते, नखांच्या कडा घासते.

दुसरी गोष्ट चिमटीतला वेढा. एखादी वस्तू दांड्याच्या वर बांधायची असेल तर नुसता दोरा ओढला की ती दोऱ्याबरोबर पलीकडे घसरते. म्हणून वस्तू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दांड्याच्या वर धरा, दोरा चिमटीच्या आत दोन बोटांमधून वर न्या, वर सैल फास ठेवा, पलीकडून खाली आणा आणि मग सरळ खाली ओढा. असे तीन वेढे होईपर्यंत चिमटी सोडायची नाही. सोडायची घाई होते, मला अजून होते.

आता बांधूया

आधी पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. यामुळे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, तुमच्या बोटात घुसला तर सरळ मागे निघतो, आणि मणी वाकावरून चढतो. मणी दोन्ही बाजूंना सारखा नसतो, एका बाजूचं भोक बारीक असतं आणि दुसऱ्या बाजूचं मोठं, बारीक भोक नेढ्याकडे आलं पाहिजे. म्हणजे गळाच्या टोकाकडून बारीक भोक आधी घालायचं. मणी नेढ्यापर्यंत सरकवा आणि मग गळ वाईसमध्ये लावा.

मणी मी नवीन लोकांना मुद्दाम लावायला सांगते. वजनासाठी तर आहेच, पण मण्यामुळे नेढ्याजवळची जागा आपोआप राखली जाते. सगळ्या नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक कुठली विचाराल तर हीच, पुढे पुढे बांधत जातात आणि शेवटी नेढं झाकलं जातं, नदीवर उभं राहून त्यात दोरी ओवता येत नाही आणि फ्लाय फुकट जाते. माझी पहिली तीन अशीच गेली.

वजनाची तार दांड्यावर आठ-दहा वेढे गुंडाळा, बोटांनीच, आणि टोकं नखाने तोडा. सगळा गुंडा पुढे ढकला, म्हणजे पुढचे एक-दोन वेढे मण्याच्या मोठ्या भोकात शिरतात आणि मणी हलायचा थांबतो. आता तारेच्या मागे दोरा सुरू करा, तारेच्या मागच्या टोकाशी दोऱ्याचा छोटा उतार करा आणि तारेवरून पुढे-मागे दोन फेऱ्या मारा म्हणजे ती फिरणार नाही. मग दोरा मागे न्या, दांड्याचा सरळ भाग संपून वाक सुरू होतो तिथपर्यंत, साधारण दाबलेल्या काट्याच्या बरोबर वर. तिथे थांबा.

शेपूट. एक पूर्ण माराबूचं पीस घ्या, टोकाला भरपूर लव असलेलं. बोटं ओली करा आणि पीस टोकाकडे चोळून एक बारीक झुपका करा, ओलं केल्याशिवाय मोजताच येत नाही. लांबी दांड्याएवढी, नेढ्यापासून वाकापर्यंत जितकं अंतर तितकीच शेपूट मागे. जास्त लांब ठेवली तर ती पाण्यात वाकाला वळसा घालते आणि मासा नुसती शेपूट ओढून जातो, हे पाण्यात फार वेळा होतं. झुपका चिमटीत धरून वाकाच्या सुरुवातीला तीन घट्ट वेढे द्या. आता लगेच कापू नका. पिसाचा उरलेला भाग दांड्याच्या वरच आडवा झोपवा, वजनाच्या तारेला भिडेपर्यंत, त्यावरून दोरा न्या आणि मगच कापा. शेपटीपाशीच कापलं तर तिथे टेंगूळ येतं आणि तारेपाशी खड्डा, आणि वरून शनील गुंडाळली की तो खड्डा तसाच दिसतो. दोरा परत मागे.

तांब्याची तार सुमारे बोटभर लांब कापून मागच्या बाजूला बांधा आणि मागे लटकत सोडा. तिच्यानंतर कोंबड्याचं पीस. याची निवड जरा बघून करा. पीस वाकवून त्याचे तंतू उभे करा आणि गळाच्या मोकळ्या तोंडाशी, म्हणजे दांडा आणि टोक यांच्यातल्या अंतराशी मापून बघा, तंतू त्या अंतराएवढे किंवा दीडपट पाहिजेत. देठाजवळचा कापसासारखा भाग ओरबाडून काढून टाका. मग टोक चिमटीत धरा आणि खालचे तंतू उलटे मागे चोळा, टोकाशी एक छोटा त्रिकोण वेगळा उरतो. हा त्रिकोणच बांधायचा, टोकाच्या बाजूने, मागे शेपटीपाशी. टोकाकडचे तंतू लहान आणि देठाकडचे लांब असल्यामुळे गुंडाळल्यावर मागे बारीक आणि पुढे भरघोस असा आपोआप उतार येतो.

शेवटी शनील. तिच्या टोकाची लव नखाने ओढून काढा, अर्धा सेंटिमीटर, आतले दोन धागे उघडे पडतात, ते बांधायचे. लव तशीच ठेवून बांधली की गाठोडं होतं. आता मागे तीन वस्तू लटकताहेत, तार, पीस, शनील. दोरा मण्याच्या मागे आणून ठेवा.

ज्या क्रमाने बांधल्या त्याच्या उलट क्रमाने गुंडाळायच्या. आधी शनील, एकाला एक चिकटून, खालचं दिसणार नाही पण वरही चढणार नाही अशी, मण्याच्या मागे दोन मिलिमीटर सोडून थांबा, तीन-चार घट्ट वेढे देऊन बांधा, कापा. ही दोन मिलिमीटर सोडायला विसरू नका, याच जागेत अजून पिसाचं देठ आणि शेवटची गाठ बसायची आहे. मग पीस, हॅकल प्लायर्सने देठ धरा, चमकदार बाजू नेढ्याकडे ठेवून पाच-सहा मोकळे वेढे पुढे, प्रत्येक वेढ्याला आधीचे तंतू बोटाने मागे चोळत जा म्हणजे ते दबत नाहीत. मण्यामागे बांधा, देठ कापा.

आता तार, आणि ती उलट्या दिशेने. सगळं आतापर्यंत वरून पलीकडे गेलं, तार वरून आपल्याकडे आणायची. त्यामुळे ती पिसाच्या देठाला ओलांडून जाते आणि ठिकठिकाणी दाबून धरते. बासच्या तोंडात सँडपेपरसारखी खरखर असते, तार नसेल तर देठ एका जागी तुटलं की पूर्ण पीस सुटतं. तार गुंडाळताना ती डावी-उजवी किंचित हलवत न्या, म्हणजे ती तंतूंच्या मधून खाली जाते, त्यांना झोपवत नाही. पुढे पोचल्यावर चार वेढ्यांनी बांधा आणि तार कापू नका, पुढे-मागे वळवत राहा, ती मुळाशीच तुटते आणि तुमची कात्री वाचते.

शेवटची गाठ. व्हिप फिनिशरने दोऱ्याचा इंग्रजी चारसारखा आकार करायचा असतो, बॉबिनकडचा दोरा दांड्याला समांतर आडवा, आणि हत्यार फिरवलं की दुसरा दोरा त्याच्यावरून गुंडाळत जातो. पाच वेढे, मग हत्याराचा आकडा काढून बॉबिन हळू ओढा, फास आत शिरतो. हे लिहून कळत नाही, हे मान्य, त्यामुळे रिकाम्या गळावर जाड रंगीत दोऱ्याने वीस वेळा करून बघा, मधे कुठेतरी एकदम लक्षात येतं. तोपर्यंत रिकाम्या बॉलपेनची नळी वापरा, दोऱ्याचा एक फास नळीवर घ्या, नळीचं तोंड नेढ्यावर ठेवा, फास मण्यावरून मागे सरकवून ओढा. अशा चार गाठी एकामागे एक. दोरा कापा, आणि दाभणीच्या टोकाने पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब गाठीवर. फक्त गाठीवर, माराबूवर गेला तर ती काडी होते.

झाली. वाईसमधून काढून ग्लासभर पाण्यात बुडवा आणि वर-खाली हलवा. शेपूट कशी हलते ते बघा, हे बघितल्यावर ही फ्लाय का चालते ते कुणी समजवावं लागत नाही.

पहिल्या पाच-सहा नीट नाही झाल्या तर ब्लेडने सगळं कापून गळ परत वापरा, गळच महाग असतो. पण कापण्याआधी त्या तारखेप्रमाणे ओळीत लावा आणि एकाच गोष्टीकडे बघा, शेपूट प्रत्येक वेळी एकाच लांबीची आली का. ती सारखी येऊ लागली की तुमची चिमटी तयार झाली.

पाण्यात

पेन्सिल्व्हेनियात १६ वर्षं किंवा त्यावरच्या प्रत्येकाला फिशिंग लायसन्स लागतं आणि ट्राउटसाठी वेगळं परमिट, दोन्ही ऑनलाइन निघतात, वॉर्डन खरंच तपासतात. इतर राज्यांत नियम वेगळे, बघून घ्या. बगर प्रवाहाला आडवा, थोडा खालच्या दिशेला टाका, दोरी ताणली जाईपर्यंत वाहू द्या, मग पाच-सहा इंच ओढा, थांबा, परत ओढा. मासा बहुतेक वेळा थांबल्यावर लागतो, कारण तेव्हा माराबू फुलतो आणि फ्लाय खाली बसायला लागते. पाणी गढूळ असेल तर काळा, स्वच्छ असेल तर ऑलिव्ह, एवढं सुरुवातीला पुरे.

भारतातल्या लोकांनीही ही बांधावी. हिमाचलमध्ये तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउट आहेत आणि तिथे बगर चालतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या नद्यांमध्ये दख्खनी महसीर आहे, लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं केंद्र कित्येक दशकं त्याची पिल्लं तयार करून नद्यांमध्ये सोडायला देतंय, एवढ्या कष्टाने टिकवलेला मासा आहे तर परवानगी कुठे आहे ते विचारून जा, काटा दाबलेलाच गळ वापरा, मासा पाण्याच्या वर उचलून फोटो काढत बसू नका, हात ओले करा आणि सोडून द्या.

वीस बगर झाल्यावर पुढे काय, तर फेजंट टेल निम्फ, म्हणजे किड्याच्या पाण्यातल्या पिल्लासारखी फ्लाय. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची ती, आणि तिच्यात दोरा नाहीच, फेजंटच्या शेपटीचे चार तंतू आणि बारीक तांब्याची तार, तारच दोऱ्याचं काम करते आणि तीच वजन देते. सोळा नंबरच्या गळावर बांधून बघा, बगरवर जो हात बसला तो इथे लहान मापात वापरायचा. आणि बासवाल्यांनी क्लाउझर मिनो शिकावा, याच सस्क्वेहानावर मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ च्या सुमाराला केलेला, डोळ्यांचं वजन दांड्याच्या वर बांधल्यामुळे तो पाण्यात उलटा होतो आणि गळाचं टोक वर राहतं, म्हणून खडकात कमी अडकतो. मी सुरुवातीला जितक्या फ्लाय त्या खडकांना दिल्या त्या आठवून सांगते, हा लवकर शिका.

एक शेवटचं, सामान सांभाळायचं. माझं एक पूर्ण केप, चांगलं पस्तीस डॉलरचं, कपाटात उघडं ठेवलं आणि दोन महिन्यांनी उघडून बघते तर कसरीने देठांपर्यंत खाल्लेलं, खाली नुसता भुसा. नवीन पिसं कुठूनही आली तरी आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये, मग एक दिवस बाहेर, परत आठवडाभर आत, आणि प्रत्येक केप वेगळ्या झिपच्या पिशवीत. बांधलेल्या फ्लाय नदीवरून आल्यावर ओल्या डब्यात बंद करू नका, रात्रभर टोपीला टोचून वाळू द्या, नाहीतर गळ गंजतो आणि त्याचा तांबडा डाग माराबूवरून जात नाही.